मांजराचा डबा

मला फक्त कुत्र्याला मांजराच्या डब्यापासून लांब ठेवायचं होतं. एवढ्या कामात ग्रामपंचायत, शिक्षण संस्था आणि कपिलधारचं देवस्थान असं सगळं येईल हे आधी कळलं असतं, तर मी मांजर आल्या पावली पुण्याला परत पाठवलं असतं.

आधी डबा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचा निम्मा घोटाळा ह्या एका शब्दानं केला. हा डबा जेवणाचा नव्हे. मांजर जेवल्यावर काही तासांनी जिथं जातं, तो हा डबा. पसरट प्लास्टिकचा टब, त्यात पांढरे बारीक खडे. मांजर त्यात बसतं, कार्यभाग उरकतं आणि पायानं खडे ओढून सगळं झाकून टाकतं. आमची लेक सायली पुण्याला शिकते. तिच्या होस्टेलवाल्यांनी मांजराला हाकललं, म्हणून संक्रांतीला ती ते आमच्याकडे ठेवून गेली. ती ह्या वस्तूला ‘लिटर बॉक्स’ म्हणते. तो शब्द गावात चालेना. तेलगावच्या कुरिअरवाल्यानं खड्यांची गोणी हातात देताना विचारलं, “सर, किती लिटरचं हाय?” मी म्हणालो, दहा किलो. 

मी तेवीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वर्गात काय, घरातही कधी अर्वाच्य शब्द उच्चारलेला नाही. तेव्हा त्या वस्तूला चारचौघांत काय म्हणावं हा प्रश्नच होता. शेवटी मी ‘मांजराचा डबा’ म्हणू लागलो. सभ्य शब्द. कुणाच्या जिभेला विटाळ नाही.

मांजराचं नाव सायलीनं लूना ठेवलेलं. त्यामुळे पहिला महिनाभर शेजारच्या भिवराबाई रोज विचारायच्या, “मास्तर, आज लुना चालू झाली का न्हाई?” त्यांचा मुलगा-सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, दिवसभर बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी ते विचारणं मनावर घेतलं नाही.

डबा मागच्या पडवीत ठेवला होता. घरात ठेवायला माझ्या पत्नीचा, मंगलचा, सक्त विरोध होता. डब्यासोबत जी चाळणीदार पळी आली ती अगदी झाऱ्यासारखी दिसत होती, आणि ती पाहिल्यापासून आमच्या घरी भजी झालेली नाहीत. पडवीला दार नाही. पडवीपुढं अंगण आणि अंगणापलीकडं आप्पांचा बंगला.

आप्पा म्हणजे मोहनराव. आमचे घरमालक. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षही तेच. आमचे मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचं नाव माझं होतं. पण सेवाज्येष्ठता कागदावर असते, आणि कागद आप्पांच्या कपाटात असतो. त्यांच्या ओट्यावर रोज सकाळी दहा-वीस माणसं कामं घेऊन बसलेली असत. आप्पा खुर्चीत, भरघोस मिशी दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि पायाशी बादशा.

बादशा हा त्यांचा लॅब्राडोर. रंगानं गव्हाळ, अंगानं आडवा, स्वभावानं प्रेमळ. इतका प्रेमळ की तो भेटेल त्याला चाटायचा. हात, गाल, कान, जे समोर येईल ते. अर्ज घेऊन आलेला माणूस आधी बादशाकडून चाटून घ्यायचा आणि मग आप्पांना काम सांगायचा, अशी तिथं रीतच पडली होती. बादशानं चाटलं तर काम होतं, असं काही लोक मानत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पडवीतून कुरुम कुरुम असा आवाज आला. भाजलेले शेंगदाणे कुणी सावकाश चावावेत तसा. मी डोकावलो तर बादशा डब्यात मान खुपसून न्याहारी करत होता. मी “हाड” म्हणालो. त्यानं मान वर केली. नाकाला पांढरे खडे, नजरेत तृप्ती. शेपूट हलवत तो अंगण ओलांडून ओट्यावर गेला. आप्पांनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि म्हणाले, “आला का माझा बादशा. पापा दे.”

त्यानं दिला. हनुवटीपासून वर, मिशीतून आरपार.

 आत्ता जाऊन सांगावं असं वाटलं. पण काय सांगावं? ‘आप्पा, आपल्या श्वानानं नुकतंच मार्जारविष्ठेचं सेवन केलं आहे’? की गावातला शब्द वापरावा? आणि शब्द सापडला तरी, अध्यक्षांच्या मिशीला नेमकं काय लागलं आहे हे सांगणाऱ्याला मुख्याध्यापक कोण करेल? मी घरात आलो आणि मंगलला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही आधी डबा उचलून ठेवा. आप्पांची मिशी त्यांची ते बघतील.”

तेव्हा मी डबा उचलून पडवीतल्या लोखंडी कपाटावर ठेवला. मांजर कुठंही चढतं असं मी ऐकून होतो. लूना कपाटाकडे बघून माझ्याकडे बघायची आणि जमिनीवरच दुसरी सोय शोधायची. तिला सोय सापडली ती दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत. निबंधाच्या प्रश्नावर. त्या सत्तेचाळीस उत्तरपत्रिका मी उन्हात वाळवल्या आणि वर्गात वाटताना सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. डबा पुन्हा खाली आला.

मग मी भिवराबाईंचा सल्ला घेतला. “मांजराच्या डब्यात कुत्रं तोंड घालतंय,” एवढंच म्हणालो.

“अगं बया. कशाचा डबा देता तिला?”

“म्हणजे... रोजचाच.”

“मग त्याच्याभोवती तिखट टाका. कुत्र्याची जात, नाकाला झोंबलं की फिरकायचं न्हाई.”

त्यांना जेवणाचा डबा वाटला हे माझ्या लक्षात आलं होतं. खुलासा करायला हवा होता. नाही केला. उलट मुकाट्यानं घरी येऊन मंगलच्या बरणीतलं काळं तिखट डब्याभोवती गोल पसरलं. लूनानं त्यात पाय बुडवले आणि घरभर, अंथरुणावर, देव्हाऱ्यासमोर ठसे उमटवले. मंगल दोन दिवस डोळे चोळत होती. बादशा आला, तिखट हुंगलं, चाटून साफ केलं आणि मग नेहमीच्या कामाला लागला. रोज मटणाच्या रश्श्यावर वाढलेलं कुत्रं ते. आतापर्यंत पदार्थ जरा अळणी लागत असावा, तो आता सुधारला.

त्याच दुपारी भिवराबाईंनी गरम धपाटे पाठवले. मी दोन खाल्ले. तिसरा उचलताना कुंपणापलीकडे नजर गेली. भिवराबाई चुलीपाशी बसलेल्या, बादशा त्यांच्या हाताचे पंजे मन लावून चाटत होता, आणि त्या त्याच हातांनी पुढच्या धपाट्याचं पीठ थापत होत्या. मी धपाटा ताटात ठेवला. गोष्ट आप्पांच्या मिशीपुरती राहिलेली नाही, ती माझ्याही पोटात पोचली आहे, हे कळायला मला तीन आठवडे लागले होते.

आता अधिकृत मार्गानं जायचं ठरवलं. कुत्र्याचा उल्लेख ठेवायचा, मालकाचा नाही, म्हणजे कुणाचा रोष नको. मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. मजकूर मला आजही पाठ आहे: ‘आमच्या निवासस्थानी असलेल्या गृहमार्जाराच्या शौचपात्रात परिसरातील श्वान वारंवार मुखप्रवेश करीत असून, त्याचा उचित बंदोबस्त व्हावा.’ एकही शब्द हलका नाही. ग्रामसेवकानं तो दोनदा वाचला.

“सर, हे गृहमार्जार कोण? तुमचे पाव्हणे का?”

“घरात राहणारं असतं ते,” मी म्हणालो. आसपास चार माणसं होती, ‘मांजर’ म्हटलं की पुढचं सगळं विचारलं जाणार.

“आणि शौचपात्र म्हंजी संडासच की.”

“साधारण.”

त्यानं मान डोलावली आणि अर्जावर लाल शाईनं लिहिलं: संडासात कुत्रे शिरते. आमच्याकडे अर्ज ग्रामपंचायतीत दिला तरी वाचतात तो आप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून हाक आली.

“सर, एवढे दिवस सांगितलं कावून न्हाई? संडासला दार न्हाई व्हय तुमच्या?”

“दार आहे, आप्पा.”

“लाजू नका. माझ्या जागेत राहणाऱ्या मास्तरच्या संडासात कुत्रं शिरतंय, मला लोक काय म्हणतील?” त्यांनी बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांत सहानुभूती होती, आणि सहानुभूतीसारखी बोचरी गोष्ट दुसरी नाही. “माणूस बसलेला असताना येतंय का नसताना?” एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं. बादशा माझं मनगट चाटत होता. मी हात मागे घेऊ शकलो नाही.

दोन दिवसांत लोखंडी दार आलं. आमचं जुनं दार शाबूत असल्यानं मिस्त्रीनं नवं त्याच्या बाहेरून बसवलं. बसथांब्यावरच्या खोलीसाठी बनवलेलं दार होतं ते. त्यावर पिवळ्या अक्षरांत रंगवलं होतं: ‘सौजन्य – मा. मोहनराव आप्पा. सदैव आपल्या सेवेत.’ तेव्हापासून मी रोज पहाटे त्या ओळीखालून आत जातो. मंगल म्हणाली, निदान मांजराचा डबा तरी आत ठेवा. ठेवला. पण ते दार लागताना असा खणखणाट होई की लूना पळून थेट कपाटावर चढली. म्हणजे कपाटावर तिला चढता येत होतं.

अर्जाचं शस्त्र असं उलटल्यावर मी स्वतःच्या बुद्धीवर आलो. जाड प्लास्टिकचं निळं ड्रम आणलं, पडवीत आडवं ठेवलं आणि झाकणाला गोल भोक पाडायचं ठरवलं. मांजर जाईल, कुत्रं जाणार नाही असं. मांजराचं डोकं मोजलं. शास्त्रशुद्ध काम करायचं तर कुत्र्याचंही मोजायला हवं, म्हणून शाळेतली टेप आणून अंगणात बादशाच्या कानाभोवती गुंडाळली, तोच ओट्यावरून आवाज आला, “सर, बादशाला फेटा बांधता काय?” मी टेप खिशात घातली. कुत्र्याचं माप अंदाजानं धरलं. विळा गॅसवर तापवून भोक कापलं, लूना जरा गुबगुबीत म्हणून दोन बोटं वाढवून. ड्रममध्ये खडे ओतले. लूना आत गेली, बाहेर आली. पाच दिवस कुरुम कुरुम ऐकू आलं नाही. त्या पाच दिवसांत मी भिवराबाईंचे धपाटेही खाल्ले.

सहावा दिवस रविवार होता. ओट्यावर संस्थेचे दोन संचालक आलेले, अभिमन्यू देशमुख आणि डॉक्टर जगताप. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीचं बोलणं होतं आणि मलाही बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. बाकी आठ-दहा माणसं होती. देशमुखांचा बादशावर जीव. येताना ते बिस्किटाचा पुडा आणत, अर्धं बिस्कीट त्याला देत आणि उरलेलं अर्धं स्वतः खात. त्या दिवशी बादशा कुठं दिसत नाही म्हणून ते बिस्कीट हातात धरूनच बसले होते.

“परमेश्वर सर तसे शिस्तीचे हायेत,” आप्पा माझ्याकडे हात करून म्हणत होते, “पण माणूस जरा बुजरा हाय. काय व्हतंय ते सांगत न्हाईत. त्या संडासाचंच बघा की...”

तेवढ्यात आमच्या पडवीतून धडाड असा आवाज झाला आणि अंगणात निळं ड्रम धावत आलं. त्याला गव्हाळ रंगाचे चार पाय होते. डोकं भोकातून आत गेलं होतं, बाहेर येत नव्हतं. ड्रम तुळशीवर आदळलं, मोटारसायकलवर आदळलं, मग आतून येणाऱ्या केकाटण्यासह ओट्याच्या पायऱ्या चढलं. वाटेवर पांढऱ्या खड्यांचा पट्टा पडत होता. आणि नुसते खडेच पडत नव्हते.

माणसं उठली. आप्पा मात्र धावत पुढे झाले. त्यांनी ड्रम दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि डॉक्टरांना म्हणाले, “मागून वढा.” दोन हिसके बसले. झाकण फाटलं आणि बादशा मोकळा झाला. जिवावरच्या संकटातून सोडवणाऱ्या मालकाकडे त्यानं पाहिलं आणि झेप घेतली.

“आप्पा, पापा घेऊ नका!” मी ओरडलो.

उशीर झाला होता. बादशानं सगळी कृतज्ञता एका झटक्यात व्यक्त केली. हनुवटी, ओठ, मिशी, कपाळ. आप्पांच्या मिशीत दोन पांढरे खडे चिकटून राहिले. ते हसत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कावून घेऊ नको? आन् हे काय हाय ड्रमात, सर?”

तेरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. मराठी भाषेत ह्या गोष्टीला निदान सहा शब्द आहेत आणि मला ते सहाही आठवत होते. “तो... मांजराचा डबा आहे,” मी म्हणालो.

“त्यात काय मग? भात असंल,” देशमुख म्हणाले.

गोंधळ ऐकून भिवराबाई आल्या होत्या. त्यांनी वाकून पायरीवरचं काहीतरी उचललं, नाकाजवळ नेलं आणि लगेच टाकलं. “कशाचा भात? मांजराचा गू हाय ह्यो.”

 ओट्यावर एकेकाच्या चेहऱ्यावर हिशेब चालू झालेला दिसला. कुणी तळहात धोतराला पुसला, कुणी गाल. देशमुखांनी हातातलं बिस्कीट पाहिलं आणि ते हळूच खुर्चीखाली ठेवलं. भिवराबाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

“कवापासून?” आप्पांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

“फेब्रुवारीपासून. म्हणजे मला कळलं तेव्हापासून.”

“रोज?”

“सुट्टीच्या दिवशी दोनदा.”

आप्पा उठून आत गेले. आतून नळाचा आवाज येऊ लागला आणि बराच वेळ येत राहिला. चहा आला; कुणी घेतला नाही. शेवटी माणसं उठून गेली. मी घरी येऊन इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मंगलनं काही विचारलं नाही, म्हणजे तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. मला नेमणूक गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तो माणूस माझ्या संडासाला दार बसवून देत होता आणि मी रोज सकाळी उभा राहून त्याची मिशी चाटली जाताना बघत होतो.

बातमी मात्र फुटली नाही. ओट्यावरच्या प्रत्येकाला बादशानं कधी ना कधी चाटलं होतं, त्यामुळे सांगणार कोण आणि कुठल्या तोंडानं? भिवराबाई म्हणाल्या, “मी कशाला बोलू? माझ्या हातचे धपाटे निम्म्या गावानं खाल्लेत.”

दुसऱ्या दिवशी आप्पा मिशी काढून ओट्यावर आले.

सगळी. गुळगुळीत. चाळीस वर्षं बॅनरवर चेहऱ्याच्या आधी जी दिसायची, ती गेलेली. आमच्याकडे ह्या वयाचा माणूस मिशी काढतो ते घरात कुणी गेल्यावर. दुपारपर्यंत गावभर झालं की आप्पांच्या घरी मयत झाली आणि ते सांगत नाहीत. माणसं यायला लागली. बायका पदर डोळ्याला लावून आत गेल्या आणि आप्पांच्या मंडळींना जिवंत बघून गोंधळल्या. कडा गावाहून त्यांचे व्याही गाडी करून आले, अंगणातच गळ्यात पडले आणि म्हणाले, “कोण गेलं, एवढं तरी सांगा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटेच आमच्या पडवीत आले. मी उभा राहिलो. ते पायरीवर बसले, नवा डबा बघितला. योगायोगानं लूना तेव्हाच त्यात शिरली. आप्पांनी तिचा सगळा विधी शांतपणे पाहिला. तिनं खडे ओढून झाकलं, हुंगलं, आणखी एकदा झाकलं.

“लगेच झाकती,” ते म्हणाले.

“हो. स्वच्छ जात आहे.”

“आमच्या लोकायला एवढं जमलं असतं तर लई झालं असतं.” मग वरच्या ओठावरून त्यांनी सवयीनं हात फिरवला, तिथं काहीच नव्हतं. “सर, तुमी मला सांगायला पायजे होतं.”

“चूक झाली, आप्पा. शब्द सुचेना.”

“मला राग आलता. पहिल्या दिवशी तुमची बदली कुठं करावी ते बघत बसलो. पण मग म्हणलं, दोन महिने ह्या माणसाला एवढी मोठी गोष्ट म्हाईत होती. तहसीलदाराला चाटलं कुत्र्यानं. डॉक्टरला चाटलं. ह्यानं तोंड उघडलं न्हाई.” त्यांनी पुन्हा ओठावर हात नेला. “आन् दुसरी अडचण अशी की मयत कुणाची, म्हणून लोक इचारायलेत. मी सांगून टाकलं, मयत न्हाई, कपिलधारला नवस बोललतो, मिशी दिली. आता नवस कशाचा ते इचारायलेत.”

“मग?”

“शाळेला चांगला हेडमास्तर मिळू दे, असा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मिशी तर गेली. आता हेडमास्तर नेमावाच लागतोय.”

 ते उठले, आणि जाताना म्हणाले, “बादशाला आजपासून साखळी. आन् पापा बंद.”

जूनच्या पंधरा तारखेला मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो. खुर्चीला नवं कापड होतं, भिंतीवर ज्येष्ठताक्रमाचा तक्ता होता, आणि तो खरोखर माझ्या बाजूनं होता. पण गावात सेवाज्येष्ठतेची गोष्ट कुणी करत नव्हतं. ‘नवसाचे हेडमास्तर’ हे नाव शाळा उघडायच्या आधीच पसरलं होतं. साडेदहाच्या सुमाराला एक पालक दारात आले. त्यांचा मुलगा दहावीला गणितात दोनदा राहिला होता. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पिशवीतून नारळ काढला आणि तो कुठं फोडायचा असं अदबीनं विचारलं.

मी ज्येष्ठताक्रमाच्या तक्त्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांना बाहेरची पायरी दाखवली.